सीमेपलीकडच्या घरातला सिनेमा

रामाकोना मध्य प्रदेशात आहे आणि रामाकोन्याच्या घराघरांत मराठी बोलली जाते. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की सावनेर, सौंसर मागे टाकून हे गाव येतं, आणि त्याच्या पुढे सातपुड्याचा घाट चढायला लागतो. या भागात पोरं शाळेत हिंदीतून शिकतात, सरकारी कागद हिंदीत निघतो, पण संत्र्याचा सौदा नागपूरशी होतो आणि सोयरीकही बहुतेक त्याच बाजूला जुळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर आणि पांढुर्णा हे मराठीबहुल तालुके त्याच्याबरोबर तिकडेच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तोही अर्थात मध्य प्रदेशातच.

चित्रपटाच्या धंद्याचा नकाशा मात्र या फेररचनेनं बदलला नाही. हिंदी चित्रपटांचे वितरक देशाचे जे भाग पाडतात त्यांना सर्किट म्हणतात, आणि त्यातल्या एका सर्किटचं नाव आजही ‘सी.पी. बेरार’ आहे. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस आणि वऱ्हाड. नागपूर ज्याची राजधानी होती तो जुना प्रांत मोडून किती वर्षं झाली, पण विदर्भ, महाकोशल आणि छत्तीसगड यांचा गठ्ठा वितरकांनी अजून सोडलेला नाही. या भागातल्या वितरक आणि टॉकीजवाल्यांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, हिचं मुख्य कार्यालय भुसावळला आहे. म्हणजे टॉकीजमधल्या पिक्चरसाठी नागपूर आणि छिंदवाडा अजून एकाच घरातले.

घरी येणाऱ्या पिक्चरची गोष्ट वेगळी आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत चित्रपट घरात येण्याच्या अनेक वाटा झाल्या. अँटेना, कॅसेट, केबल, सीडी, मोबाईलची चिप, छत्री, इंटरनेट. त्यांचं तंत्र वेगळं, खर्च वेगळा. पण रामाकोन्यासारख्या गावातून बघितलं तर एक गोष्ट ठळक दिसते, ती मुंबई-पुण्यातून दिसत नाही: यातल्या काही वाटा राज्याची सीमा मानतात आणि काही मानत नाहीत. मराठी चित्रपट या घरात कधी पोचला आणि कधी अडला, हे त्यावरच ठरलं.

घरोघरी टीव्ही येण्याआधी पिक्चर घरात नव्हे, पण दारात तरी येत असे. गणपतीच्या दिवसांत मंडळं सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर भाड्यानं आणत. रस्त्यात मधोमध पांढरं कापड ताणायचं आणि दोन्ही बाजूंनी बसायचं. पडद्यामागे बसलेल्यांना चित्र उलटं दिसे, नायक डावखुरा होई आणि पाट्या उलट्या वाचाव्या लागत, पण कुणाची तक्रार नसे. या फिल्मची रुंदी टॉकीजच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या निम्म्याहून कमी. कोडॅकनं ती १९२३ मध्ये आणली ती मुळात घरगुती वापरासाठीच. आपल्याकडे ती घरात फारशी शिरली नाही, शाळा, मंडळं आणि सरकारी प्रचाराच्या गाड्या यांच्याकडेच राहिली.

दूरदर्शन दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झालं आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. मुंबई केंद्राच्या शनिवारच्या मराठी आणि रविवारच्या हिंदी चित्रपटानं एका पिढीचे शनिवार-रविवार बांधून ठेवले होते. रामाकोन्याला ते सुख नव्हतं, आणि त्याचं कारण प्रक्षेपणाच्या पद्धतीतच आहे. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मनोरा जितका उंच आणि शक्ती जितकी जास्त, तितका टापू मोठा. मध्ये डोंगर आला की चित्र संपलं. म्हणून छोट्या गावांपर्यंत पोचायचं तर जागोजागी मनोरे हवेत. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात गेला आणि त्याच्या जोरावर १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक धडाधड उभे राहिले. एकेकाची पोच साधारण पंधरा-वीस किलोमीटरची. त्यांच्याकडे स्टुडिओ नव्हता, कार्यक्रम तयार करणारी माणसं नव्हती. दिल्लीहून उपग्रहावर चढलेलं चित्र खाली उतरवायचं आणि आसपास पसरवायचं, एवढंच त्यांचं काम.

त्यामुळे टीव्हीवर पिक्चर आला, पण दिल्लीनं निवडलेला. राष्ट्रीय कार्यक्रमात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवत. सगळ्या भाषांना पाळीपाळीनं संधी, म्हणून मराठीची पाळी येईपर्यंत बरेच रविवार जात. बाकी सगळी हिंदी. सीमाभागात म्हणूनच एक उद्योग सर्रास चाले: उंच बांबूवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना बांधायचा, त्याला बूस्टर जोडायचा आणि तोंड महाराष्ट्राच्या बाजूला फिरवायचं. एक जण छपरावर, एक जण अंगणात, एक जण टीव्हीसमोर. “आलं का?” “मुंग्या आहेत अजून!” लहरींना सीमा कळत नाही, त्यांना फक्त अंतर कळतं. हवा चांगली असली तर पलीकडचं काहीतरी दिसायचं, नाहीतर पडद्यावर मुंग्याच.

मग आला व्हीसीआर. सोनीनं बेटामॅक्स १९७५ मध्ये आणलं, जेव्हीसीनं व्हीएचएस १९७६ मध्ये. जगभरच्या भांडणात व्हीएचएस जिंकलं, आणि त्यामागचं एक मोठं कारण कॅसेटची लांबी होती. बेटामॅक्सची पहिली कॅसेट तासाभराची होती. चित्रपट तासाभरात संपत नाही, हिंदी चित्रपट तर नाहीच नाही. आपल्याकडे खपली ती ई-१८० या छापाची तीन तासांची व्हीएचएस कॅसेट. तिच्यात सुमारे अडीचशे मीटर फीत असते, अर्धा इंच रुंदीची. सेकंदाला अडीच सेंटिमीटरपेक्षाही कमी वेगानं ती सरकते. एवढ्या मंद फितीवर हलतं चित्र कसं मावतं? त्याची युक्ती फिरत्या ढोलात आहे. व्हीसीआरच्या आत एक चकचकीत धातूचा ढोल तिरका बसवलेला असतो, मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो, आणि त्याच्यावरची बारीक चुंबकीय हेड फितीवर तिरप्या रेघा ओढत जातात. एका रेघेत चित्राची अर्धी चौकट, सेकंदाला पन्नास रेघा. फीत हळू चालते, पण हेड तिच्यावरून वेगानं धावतं.

ज्यांनी व्हीसीआर वापरला त्यांना हा ढोल त्याच्या दुखण्यामुळे ओळखीचा असेल. भाड्याच्या कॅसेटी शंभर घरं फिरलेल्या, त्यांच्यावरची धूळ आणि झडलेली चुंबकीय भुकटी हेडवर बसायची आणि चित्र अचानक बर्फ पडल्यासारखं व्हायचं. मग झाकणाचे चार स्क्रू काढायचे, स्पिरिटमध्ये भिजवलेलं मऊ कातडं किंवा कागद ढोलाला धरायचं आणि ढोल बोटानं हळूच फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटणार, आडवंच पुसायचं. हे ज्याला जमे तो गावात ‘व्हीसीआरचा डॉक्टर’. चित्राच्या खालच्या बाजूला पट्टे आले तर ट्रॅकिंगची कळ फिरवायची, म्हणजे हेड आणि त्या तिरप्या रेघा पुन्हा जुळायच्या. बघणारं सगळं घर त्या कळीबरोबर श्वास रोखून बसायचं.

१९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही देशात आला, आयातीचे नियम सैल झाले आणि आखातात कामाला गेलेली माणसं परत येताना व्हीसीआर घेऊन येऊ लागली. तरीही खेड्यात तो विकत घेणारे थोडे. खेड्यातली रीत भाड्याची. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी असा संच एका रात्रीसाठी आणायचा, वर्गणी काढायची, अंगणात सतरंज्या टाकायच्या. एक देवाधर्माचा पिक्चर म्हाताऱ्यांसाठी, एक मारधाडीचा, एक कौटुंबिक. रात्री लाइन गेली तर जनरेटर, तो नसेल तर लाइन येईपर्यंत सगळे तिथेच. सकाळी संच परत गेला नाही तर दुसऱ्या दिवसाचं भाडं, म्हणून रात्रीत तिन्ही बघायचेच.

रामाकोन्याच्या दृष्टीनं कॅसेटचा मोठा गुण म्हणजे ती खिशात-पिशवीत मावते. दिल्ली काय दाखवते याची वाट बघायला नको. सौंसरच्या पुढे नागपूर, नागपूरला बर्डीची दुकानं. कुणी दवाखान्याच्या कामाला जाई, कुणी लग्नाच्या खरेदीला, कुणी मंडीत संत्री घेऊन. येताना कॅसेट येई. तेव्हा नागपूर–छिंदवाडा ही छोटी लाइन होती. २०१५ च्या अखेरीस ती रुंद करण्यासाठी बंद झाली, तोवर याच लाइनीनं आणि रस्त्यावरच्या बसनं या भागाचं नागपूरशी येणंजाणं चाले. दादा कोंडक्यांचे, पुढे लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफांचे, आणि १९९१ नंतर ‘माहेरची साडी’ हे चित्रपट सीमेपलीकडच्या घरांत पोचले ते या पिशवीतून. ‘माहेरची साडी’ बघून रडलेल्या बायका फक्त महाराष्ट्रातल्याच होत्या असं कुणी समजू नये.

नेमकी हीच अडचण त्याच काळात सातासमुद्रापलीकडेही होती. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला हिंदी पिक्चरची कॅसेट इंडियन ग्रोसरीत डाळ-तांदळाच्या शेजारी भाड्यानं मिळत असे, मराठी सहसा नाही, कारण दुकानदाराला गिऱ्हाईक पुरत नसे. मग भारतातून येणाऱ्याच्या बॅगेत कॅसेट. तीही आणली तरी तिथे चालेलच असं नाही, कारण भारतात टीव्हीची पद्धत पाल आणि अमेरिकेत एनटीएससी. पालची कॅसेट अमेरिकेतल्या साध्या व्हीसीआरवर लावली की नुसत्या लाटा. दोन्ही पद्धती चालणारं यंत्र ज्या घरात, त्या घरात शनिवारी मंडळ जमायचं. रामाकोना आणि न्यू जर्सी यांत काही साम्य असेल असं वाटत नाही, पण मराठी बाजाराच्या हद्दीबाहेर राहण्याचं दुखणं दोघांचं एकच.

कॅसेटची काळी बाजूही सांगायला हवी. भाड्यानं फिरणाऱ्या कॅसेटींत चोरून केलेल्या प्रतींचा भरणा मोठा होता. फितीवरून फितीवर उतरवताना प्रत्येक वेळी चित्र थोडं मऊ होतं, रंग थोडे वाहतात. चौथ्या-पाचव्या पिढीची कॅसेट ओळखू येई. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा चोरीला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आली. तरी कॅसेटी थांबल्या नाहीत. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ आला तेव्हा राजश्रीनं व्हिडिओचे हक्कच रोखून धरले, पिक्चर बघायचा तर टॉकीजलाच या म्हणून सांगितलं. लोक खरंच टॉकीजला गेले, बैलगाड्या-ट्रॅक्टर भरून गेले. घरी मिळणारा पिक्चर आणि टॉकीजचा पिक्चर यांत किती दिवसांचं अंतर ठेवायचं, हा आजचा ओटीटीचा वाद तेव्हापासूनचा आहे.

केबल आली ती १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमाराला. १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही सुरू झाला आणि केबल मध्यमवर्गी घरात स्थिरावली. गावातला केबलवाला म्हणजे छपरावर मोठी जाळीची छत्री, खोलीत दोन-चार रिसीव्हर आणि एक व्हीसीआर, तिथून झाडांवरून, विजेच्या खांबांवरून घरोघर ओढलेली वायर. त्या व्हीसीआरवर रोज रात्री एक पिक्चर. तो कोणता लावायचा हे केबलवाला ठरवी, आणि केबलवाला गावातलाच. पोळ्याला मराठी लावा म्हणून चार जणांनी सांगितलं की लागायचा. कायद्याच्या दृष्टीनं त्यात पुष्कळ गडबड होती, म्हणून १९९५ मध्ये केबल टीव्हीसाठी वेगळा कायदा झाला. पण निवड करणारा माणूस हाकेच्या अंतरावर असण्याचा काळ तोच. पुढे २०१७ च्या मार्चअखेर ग्रामीण भागातही केबल डिजिटल करायची मुदत आली, घरोघर सेट-टॉप बॉक्स बसले आणि निवड गावातून उठून कंपनीच्या कचेरीत गेली.

सीडीचा काळ त्या मानानं छोटा. व्हीसीडीच्या एका तबकडीत ७४ मिनिटं मावत, म्हणून हिंदी पिक्चर दोन किंवा तीन तबकड्यांत. नेमक्या गाण्याच्या मध्ये उठून सीडी बदलायची. चित्र दाबून साठवण्याची युक्ती मात्र इथे पहिल्यांदा घरात आली आणि आजच्या ओटीटीपर्यंत तीच चालू आहे. प्रत्येक चौकट पूर्ण साठवायची नाही. एक चौकट पूर्ण, आणि पुढच्या चौकटींत फक्त काय बदललं तेवढंच. नायिका चालते आहे आणि मागची भिंत स्थिर आहे तर भिंत पुन्हापुन्हा कशाला लिहायची? म्हणून व्हीसीडीवर शांत प्रसंग बरे दिसत आणि मारामारीत चौकोन-चौकोन फुटत. २००७ च्या सुमाराला मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरीच्या सीडीला किमतीनंच हरवायचं, हा विचार माझ्या मते त्या सगळ्या काळातला सगळ्यांत शहाणा विचार होता. जुने मराठी चित्रपटही त्या काळात सीडीवर स्वस्तात आले, आणि बाजारच्या दिवशी चादर अंथरून बसणाऱ्या विक्रेत्याकडे, सौंसरलाही, विकत घेऊन ठेवता येतील अशा किमतीत होते. पुढे यंत्रंच गेली. आज अनेक घरांत कपाटावर सीडीची चळत आहे आणि ती लावायला काही नाही.

मग मोबाईलची चिप. रिचार्जच्या दुकानात संगणक, त्यात पिक्चरचा साठा, आपलं मेमरी कार्ड दिलं की दहा मिनिटांत भरून मिळायचं. इंटरनेट महाग होतं तेव्हा खेड्यात इंटरनेटचं काम या दुकानांनी केलं. दुकानदार एकदा डाउनलोड करायचा, शंभर कार्डांत उतरवायचा. डिजिटल प्रतीचं चित्र कॅसेटसारखं मऊ होत नाही, शंभरावी प्रत पहिलीसारखीच, त्यामुळे चोरीही पूर्वीपेक्षा सोपी. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या चोरट्या प्रती अशाच चिपांतून फिरू लागल्या. टॉकीजमध्ये विक्रम करणाऱ्या चित्रपटाला ते सोसवलं. ज्या छोट्या मराठी चित्रपटाला एकच आठवडा मिळतो, त्याला ते सोसवत नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या प्रेक्षकानं मराठी सिनेमासाठी दिलेले पैसे मराठी सिनेमाकडे पोचलेच नाहीत, तर निर्मात्याच्या हिशेबात इथे प्रेक्षकच नाही. चिपचं मोठं नुकसान मला हे वाटतं. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यानं चित्रपटाची चोरी करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

आता छपरावरची छत्री. गावातून फिरताना एक गंमत बघा: दूरदर्शनच्या मोफत डिशच्या सगळ्या छत्र्या एकाच दिशेला तोंड करून असतात, आग्नेयेला. डीडी फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वी जितक्या वेळात एक फेरी घेते तितक्याच वेळात तो घेतो, म्हणून आकाशात एकाच जागी दिसतो आणि छत्री एकदा लावली की हलवावी लागत नाही. रामाकोन्यातून ती जागा आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर. छत्री बघितली तर ती इतकी वर बघत नाही, बरीच उभी वाटते. कारण ती पूर्ण वाटीचा वरचा एक तुकडा आहे. तिचं शिंग, म्हणजे एलएनबी, मध्यावर नसून खालच्या बाजूला असतं, त्यामुळे लहरी वरून येऊन खाली वळतात. या आकाराचा फायदा असा की पावसाचं पाणी आणि पाचोळा वाटीत साठत नाही. जोराच्या पावसात चित्र जातं ते छत्री भिजल्यानं नव्हे, तर या छोट्या लांबीच्या लहरी वाटेतल्या पावसाच्या थेंबांत विरतात म्हणून. आभाळ ओसरलं की चित्र आपोआप परत येतं, छत्री हलवायची घाई करू नये.

ही मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाचा खर्च साधारण दीड-दोन हजार, नंतर महिन्याचं काही नाही. उपग्रह एकाच वेळी सगळ्या देशावर पाऊस पाडतो. नागपूरच्या छपरावर जे पडतं तेच रामाकोन्याच्या. डीडी सह्याद्री इथे दिसते आणि चित्रपट दाखवणाऱ्या खासगी मराठी वाहिन्याही यावर आल्या आहेत. या वाहिन्या लिलावात जागा घेतात, त्यामुळे बदलत राहतात. एखादी गायब झाली तर बॉक्स बिघडला असं न समजता वाहिन्या नव्यानं शोधायची आज्ञा द्यावी.

पैसे भरून घेतलेल्या डिशवर आणि केबलवर सीमा पुन्हा उभी राहते. चित्र उपग्रहावरून सगळीकडे पडतंच, पण कुलूपबंद असतं. किल्ली पॅकमध्ये, आणि पॅक भाषा-राज्यांच्या हिशेबानं बांधलेले असतात. मध्य प्रदेशातल्या घराला हिंदी पॅक पुढे केला जातो आणि त्यात मराठी वाहिन्या क्वचित. झी टॉकीज ही २००७ पासूनची मराठी चित्रपटांची वाहिनी अशा घरात आपोआप येत नाही. प्रेक्षकसंख्या मोजण्यातही हेच. मराठी वाहिन्यांची दर आठवड्याची जी क्रमवारी जाहीर होते ती ‘महाराष्ट्र-गोवा’ या बाजाराची. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा वेगळा बाजार. सौंसरच्या घरानं रोज रात्री मराठी पिक्चर बघितला तरी त्या क्रमवारीत त्याचं मत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी कुणी पॅक बांधत नाही, आणि पॅक नाही म्हणून पुन्हा मोजणी नाही.

इंटरनेटनं हा वेढा फोडला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि चिप भरून देणारी दुकानं दोन-तीन वर्षांत ओस पडली. ओटीटीवरचा चित्रपट म्हणजे एक सलग फाइल नसते. त्याचे काही-काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रतींत ठेवलेला असतो. आपला मोबाईल दर तुकड्यागणिक बघतो की नेटवर्क किती आहे, आणि त्याप्रमाणे पुढचा तुकडा मागवतो. म्हणून घाटाच्या बाजूला टॉवर अशक्त झाला की चेहरे पुसट होतात, पिक्चर मात्र चालू राहतो. मोठ्या टीव्हीवर एचडी बघायचं तर तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो, मोबाईलच्या पडद्यावर साध्या दर्जात तासाला एका जीबीच्या आत भागतं. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल तर अडीच तासांचा पिक्चर मोबाईलवर साध्या दर्जातही कसाबसाच बसतो. दर्जा आणखी एक पायरी उतरवून ठेवला तर निभावतं, टीव्हीवर एचडीत मात्र अर्ध्या तासाच्या आसपासच अडकतो. ॲपमध्येच उतरवून ठेवायची सोय असते, ती नेटवर्क चांगलं असताना वापरावी. उतरवलेला पिक्चर कुलूपबंद असतो, दुसऱ्या मोबाईलवर चालत नाही आणि त्याची मुदत संपते. कॅसेट आपली होती, हा पिक्चर आपला नव्हे. तो बघण्याची परवानगी आपली.

मराठीसाठी या वाटेनं काय केलं ते बघा. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं पारितोषिक घेऊन आला आणि एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. रामाकोना, नाशिक आणि न्यू जर्सी, तिन्हीकडे एकाच दिवशी. ओटीटीच्या आधी असं मराठी चित्रपटाच्या बाबतीत घडणं शक्यच नव्हतं. झी५ वर मराठीचा मोठा साठा आहे. प्लॅनेट मराठीसारखं फक्त मराठीचं व्यासपीठ २०२१ मध्ये उभं राहिलं. पैसे न देता बघायचं तर यूट्यूबवर राजश्री मराठी, अल्ट्रा मराठी अशा हक्कदार कंपन्यांच्या स्वतःच्या वाहिन्या आहेत, जुने मराठी चित्रपट तिथे जाहिरातींसह पूर्ण बघता येतात. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हे आपलं व्यासपीठ सुरू केलं आहे, त्यावर दूरदर्शनचा जुना ठेवा आहे. यातलं कुणीही तुमचं राज्य विचारून मराठी नाकारत नाही.

इथे एक इशारा. ‘सगळे ओटीटी वर्षभर अमुक रुपयांत’ असे निरोप व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरतात. त्यातले दुवे उघडू नका, आणि कुणाचं खातं रिकामं झालंच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि घरासाठी घेतलेली वर्गणी घरापुरतीच असते. गणेशोत्सवात चौकात पडदा लावून तोच पिक्चर दाखवायचा तर हक्कदाराची वेगळी परवानगी लागते, मंडळांनी हे लक्षात ठेवावं.

मग रामाकोन्यातल्या घरानं काय करावं? माझं मत सरळ आहे. छपरावर मोफत डिश असू द्या, ती रिचार्ज संपल्यावरही चालते. जुन्या मराठी चित्रपटांसाठी यूट्यूबवरच्या अधिकृत वाहिन्या पुरेशा आहेत. नव्या चित्रपटासाठी एखाद्या ओटीटीची वर्गणी ज्या महिन्यात हवी त्या महिन्यापुरती घ्या, वर्षभराची नको. चिप भरणं सोडून द्या. आणि घरात केबल किंवा पैसे भरून घेतलेली डिश असेल तर तयार पॅकवर समाधान मानू नका. २०१९ पासूनच्या ट्रायच्या नियमानुसार तुमच्या सेवेवर जी वाहिनी उपलब्ध आहे ती सुटी मागून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे, मग तो कोणत्याही राज्यात राहो. पुढच्या महिन्याचा रिचार्ज करायच्या आधी केबलवाल्याला मराठी चित्रपटांच्या वाहिन्या नाव घेऊन मागा, आणि शेजारच्यालाही मागायला सांगा.